शेवटच्या दोनशे मीटरची राखण

चि. बाळास,


चाकणजवळ महाळुंगे इंगळेपासून खराबवाडीपर्यंतचं केबल टीव्हीचं जाळं तू चालवायला घेतलंस आणि त्यावरून आता फायबरचं इंटरनेट देणार आहेस, हे ताईने फोनवर सांगितलं होतं. मागोमाग तुझा मेसेज आला. कोणती ओएलटी, म्हणजे तुझ्या टोकाचं मुख्य यंत्र, स्वस्तात पडेल, एका पोर्टवर किती घरं चढवता येतील आणि शंभर एमबीपीएसचा प्लॅन जाहीर करायला हरकत आहे का, असं तू विचारलंस. याची उत्तरं चार ओळींत देता येतील. पण टेलिफोन खात्यात केबलच्या कामावर माझी नोकरी झाली, आणि तुझ्या वयाची धडपडी पोरं आता ही जाळी कशी उभी करतात तेही मी बघत असतो, म्हणून सविस्तर लिहितो. सवडीने वाच, आणि तुझ्याकडच्या पोरांनाही वाचून दाखव.

आधी तुझा ग्राहक कोण ते बघ. कोथरूड-बाणेरच्या सोसायटीसारखा तो नाही. बजाज, फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्रा यांच्या कारखान्यांभोवती जी वस्ती वाढली तिथे दहा बाय दहाच्या खोल्यांच्या रांगा आहेत. लातूर-बीड-परभणीची पोरं आहेत, बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची आहेत, एका खोलीत चार-पाच जण राहतात. शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन-चार सीएनसी मशीन लावून जॉबवर्क करणारे छोटे कारखानदार आहेत. त्यांचं ड्रॉइंग मेलवर येतं, आणि ई-वे बिल निघालं नाही तर टेम्पो गेटबाहेर पडत नाही. मग गावातली जुनी घरं, जिथे मुलांचे ऑनलाइन क्लास आणि आजीची मालिका एकाच तारेवर चालते. या तिघांच्या वेळा वेगळ्या. सेकंड शिफ्ट सुटून पोरं खोलीवर पोचतात आणि घरी व्हिडिओ कॉल लावतात, तेव्हा कोथरूड झोपलेलं असतं. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, म्हणून त्या दिवशी दुपारपासूनच गर्दी. दुसऱ्या शहरातल्या ऑपरेटरने दिलेला हिशेब तुला लागू पडणार नाही. आठवडाभर दर तासाचा वापर उतरवून घे आणि मग प्लॅन ठरव.

आता पोर्टवर किती घरं, त्याचं बघू. जीपॉनच्या एका पोर्टमधून खाली साधारण २.५ गिगाबिट येतात आणि वर १.२५ गिगाबिट जातात. स्वस्तातली ईपॉन घेतलीस तर दोन्हीकडे १.२५. चौसष्ट घरं लावलीस आणि सगळ्यांनी एकाच क्षणी पूर्ण मागणी केली तर जीपॉनवर प्रत्येकाला ३९ एमबीपीएसच्या आसपास मिळेल, ईपॉनवर त्याच्या निम्म्याहूनही कमी. तशी वेळ क्वचितच येते, त्यामुळे चौसष्ट चालतात. तुझी गाडी अडेल ती बहुधा दुसरीकडे. आठ पोर्टची ओएलटी आणि तिच्या मागे एकच गिगाबिटचा अपलिंक, असं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. पुढे वीस गिगाबिटची तोंडं आणि मागे एकाची सोय! शिवाय आयएसपीकडून घेतलेली बँडविड्थ त्याहून कमी. मग ग्राहक म्हणतो फायबर स्लो आहे. फायबरचा त्यात काडीचा दोष नसतो. अपलिंक दहा गिगाबिटचा असलेलीच ओएलटी घे, आणि रात्री अपलिंक सत्तर टक्क्यांच्या वर जायला लागला की नवा प्लॅन विकण्याआधी बँडविड्थ वाढव. हा पैसा तुझ्या खिशातून आधी जाईल आणि मागाहून परत येईल, हे मनाशी धरून ठेव.

वर जाणाऱ्या प्रकाशाची गोष्ट मात्र निराळी, आणि ती तुला नीट कळायला हवी. खाली येणारा प्रकाश, १४९० नॅनोमीटरचा, स्प्लिटरमधून फुटून सगळ्या घरांत एकदमच जातो. प्रत्येक घरातला डबा त्यातून आपलं तेवढं उचलतो. वर जाताना, १३१० नॅनोमीटरवर, सगळ्यांना एकाच काचेतून जायचं असतं, म्हणून ओएलटी प्रत्येक डब्याला क्षणाचा अगदी बारीक तुकडा वाटून देते. चारीवरच्या पाण्याच्या पाळीसारखंच हे आहे: आपली वेळ आली की दार उघडायचं, संपली की बंद करायचं. एखादा डबा बिघडून लेझर चालूच ठेवून बसला, तर त्या फांदीवरची सगळी घरं बंद पडतात आणि बिघाड नेमका कुठे आहे ते एकाही घरातून दिसत नाही. हलक्या डब्यांत हे होतं, वीज कोसळल्यावरही होतं. चांगल्या ओएलटीत असा डबा हुडकून बंद करण्याची सोय असते. विकत घेण्यापूर्वी दुकानदाराला ती चालवून दाखवायला लाव. नसेल तर ती ओएलटी फुकट मिळाली तरी घेऊ नको.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो. पॉवर, म्हणजे प्रकाशाचा जोर. तुझी पोरं घरात ड्रॉपची वायर नेऊन मीटर लावतात आणि ओरडतात, 'मायनस चोवीस आली, चालेल!' चालतं, हे खरं. पण आजच चोवीस असेल तर पावसाळ्यात किती राहील?

हिशेब सोपा आहे, तो प्रत्येक पोराला तोंडपाठ हवा. ओएलटीतून समज अधिक ४ डीबीएम निघाले. एकास आठचा स्प्लिटर साधारण साडेदहा डीबी खातो, असे दोन टप्पे म्हणजे एकवीस. अडीच किलोमीटर काच एक डीबीच्या आत. मशीनने मारलेला नीट जॉइंट ०.१ किंवा त्याहून कमी, कनेक्टर प्रत्येकी ०.३ ते ०.५. सगळं धरून चोवीस. घरात यायला हवे मायनस वीस. नेहमीच्या बी-प्लस वर्गाच्या जीपॉनमध्ये डबा मायनस सत्तावीसपर्यंत ऐकू शकतो, म्हणजे हातात सात डीबी शिल्लक. तीन डीबी गेले की प्रकाश निम्मा होतो, हे लक्षात ठेवून ती शिल्लक जप. मायनस सत्तावीसच्या जवळ डबा पूर्ण बंद पडत नाही, तो चुका करायला लागतो. लाल लाइट लागत नाही, स्पीड टेस्ट कधी बरी येते कधी नाही, व्हिडिओ कॉल अडखळतो. ग्राहक महिनाभर कटकट करतो आणि तुझा पोरगा राउटर बदलत बसतो. आणखी एक. सगळे जण घरातली पॉवर बघतात, ओएलटीकडे त्या घरातून किती येतेय ते कुणी बघत नाही. ओएलटीच्या स्क्रीनवर प्रत्येक डब्यापुढे तो आकडा मिळतो. दोन्ही बाजूंचा आकडा लिहून ठेव.

तू घेतलेल्या जाळ्यात केबल टीव्हीच्या काळातले कपलर असणार. नव्वद-दहा, ऐंशी-वीस अशी विभागणी करत रस्त्याने एकापुढे एक लावत गेलेले. टीव्हीसाठी ते खपून गेलं. इंटरनेटला तेच लावलं तर पहिल्या घरात मायनस चौदा आणि शेवटच्या खोलीत मायनस सव्वीस. शेवटच्या खोल्या म्हणजे बहुतेक भाडेकरूंच्या. तक्रार करायला त्यांच्याकडे मराठीही नाही आणि वेळही नाही, म्हणून ऑपरेटरला त्यांचं दुखणं कळतच नाही. हे कपलर मोजून कमी कर. फांदी दोन टप्प्यांची ठेव. आधी मोठ्या पेटीत एक स्प्लिटर, मग खोल्यांच्या रांगेजवळ दुसरा. खर्च आहे, पण प्रत्येक ग्राहकाला जवळपास सारखी पॉवर मिळणं हा त्याचा हक्कच समज. सगळ्यांकडून मासिक पैसे तू सारखेच घेणार आहेस ना?

काचेबद्दल थोडं जुनं सांगतो, कारण आपल्या भागाचा त्यात मान आहे. १९६६ मध्ये चार्ल्स काव यांनी मांडलं की काच पुरेशी शुद्ध करता आली आणि किलोमीटरला नुकसान वीस डीबीच्या आत आणता आलं, तर प्रकाशातून संदेश दूरवर पाठवता येईल. १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने ती हद्द ओलांडली. काव यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. आणि १९७९ मध्ये आपल्या पुण्यात टेलिफोन एक्स्चेंज एकमेकांशी जोडण्यासाठी ऑप्टिकल फायबरची लाइन सुरू झाली. देशातली तशी ती पहिली. आज वाळूजला स्टरलाइट काच ओढते आणि किलोमीटरला नुकसान १३१० नॅनोमीटरवर ०.३५ डीबीच्या आसपास असतं. वीस कुठे आणि ०.३५ कुठे! कावसाहेबांनी आणि त्यांच्या मागून आलेल्यांनी काचेचं काम करून ठेवलंय. आता जे नुकसान होतं ते आपल्या हातून, शेवटच्या दोनशे मीटरमध्ये: टेप गुंडाळलेला जॉइंट, दरवाजाच्या फटीत चेमटलेला ड्रॉप, आणि खिळ्याला काटकोनात वाकवलेली वायर.

तुझ्याकडे तर धूळही आहे. चाकण-तळेगाव रस्त्यावर दिवसरात्र ट्रेलर चालतात. डिझेलची काजळी आणि मातीचा धुरळा कनेक्टरच्या टोकावर बसतो. सिंगल मोड काचेचा गाभा नऊ मायक्रॉनचा, धुळीचा एक कण तो झाकून टाकू शकतो. म्हणून टोपण काढलं की पुसायचं, मगच लावायचं, अगदी नव्या पॅचकॉर्डलासुद्धा. शर्टाने नाही, क्लीनिंग पेन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बिनधाग्याचा कागद. हिरवा कनेक्टर हिरव्यालाच, निळा निळ्यालाच. हिरव्याचं टोक आठ अंशांनी तिरकं घासलेलं असतं. तो निळ्यात घुसवला की मधे फट राहते, पॉवर पडते आणि प्रकाश उलटा फिरतो. घाईत पोरं हे करतात आणि 'लागला ना' म्हणतात.

पॉवर पडली की जागा शोधायला ओटीडीआर भाड्याने आण आणि दोन रंगांवर मोज, १३१० आणि १५५०. दोन्हीकडे नुकसान सारखं दिसलं तर जॉइंट खराब. १५५० वर बरंच जास्त दिसलं तर वायर कुठेतरी वाकली आहे. एवढ्या एका खुणेने निम्मी वणवण वाचते. घरातल्या ड्रॉपला जी.६५७ ए२ जातीचीच वायर वापर. साडेसात मिलिमीटरच्या त्रिज्येत वळवली तरी ती निभावते, जुनी जी.६५२ तीस मिलिमीटर मागते. खोलीच्या कोपऱ्यात तीस मिलिमीटरचं वळण कोण सांभाळणार?

रस्त्यावरच्या धोक्यांचं तुला मी काय सांगू, तू रोज बघतोस. कार वाहून नेणारे उंच ट्रेलर रस्ता ओलांडणारी लोंबती केबल ओढून नेतात. जिथे रस्ता ओलांडायचाय तिथे उंची मोजून पुरेशी ठेव, जमेल तिथे जमिनीखालून जा. महावितरणच्या खांबावर विनापरवाना केबल बांधू नको. कारवाई होईल ती होईल, पण पावसात शिडीवर चढणारा पोरगा तुझ्या जिवावर चढतो. जेसीबीसाठी केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ ला 'कॉल बिफोर यू डिग' हे अ‍ॅप सुरू केलं. तेव्हा सरकारनेच सांगितलं होतं की देशात वर्षाला सुमारे दहा लाख वेळा फायबर तुटतं आणि तीन हजार कोटी रुपयांच्या घरात नुकसान होतं. आयएसपीतर्फे तुझी केबल त्यात नोंदव. आणि अ‍ॅपवर विसंबून राहू नको. आसपासच्या जेसीबीवाल्यांचे, पाइपलाइनच्या ठेकेदारांचे नंबर ठेव. खोदायच्या आदल्या दिवशी त्यांचा एक फोन आला तरी रात्रभराचं जॉइंटिंग वाचतं. मुख्य केबल गावात दोन वाटांनी आणता आली तर फारच उत्तम.

वीज गेली तरी मधल्या स्प्लिटरला काही लागत नाही, ही या पद्धतीची मोठी सोय. पूर्वी तुमच्या केबलच्या अँप्लिफायरला जागोजाग वीज लागायची. आता एका टोकाला ओएलटी आणि दुसऱ्या टोकाला डबा, एवढ्यालाच हवी. ओएलटीला चांगली बॅटरी लाव. गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद असते, तेव्हाच सुट्टीवरची पोरं घरी बोलत असतात. जॉबवर्कवाल्यांना डब्यासाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस सुचव.

आता सुरक्षा. तू याबद्दल एक शब्दही विचारला नाहीस, म्हणून मला काळजी वाटते.

वर लिहिलं ते आठव: खाली येणारा प्रकाश सगळ्यांच्या घरात जातो. शेजाऱ्याच्या बँकेचं पान जसं त्याच्या डब्यात येतं तसंच ते तुझ्या ग्राहकाच्या डब्यातही पोचतं, फक्त डबा ते बाजूला टाकतो. हे टाकणं डब्याच्या प्रामाणिकपणावर सोडायचं का? जीपॉनच्या मानकात यासाठी प्रत्येक डब्याची वेगळी किल्ली आणि १२८ बिटांचं एईएस कुलूप आहे. पण ते ओएलटीवर चालू करावं लागतं, आणि किती तरी ठिकाणी ते बंदच असतं. ईपॉनच्या मूळ मानकात, २००४ च्या, असं कुलूपच नव्हतं. पुढे कंपन्यांनी आपापली सोय केली, ती दोन्ही टोकांना जुळावी लागते. बँका आणि व्हॉट्सअ‍ॅप स्वतःचं कुलूप लावतात हे खरं, म्हणून फार गडबड होत नाही. तरी कोण कुठल्या साइटवर जातो याचा माग मोकळा राहतो, आणि शेडमधल्या जुन्या सॉफ्टवेअरला, कॅमेऱ्याच्या डीव्हीआरला कुलूप असतंच असं नाही. मोठ्या कंपनीचं गुप्त ड्रॉइंग सांभाळण्याची लेखी हमी ज्या कारखानदाराने दिलीय, त्याची तार तुझ्या स्प्लिटरवर आहे. ओएलटीत शिरून कुलूप चालू आहे का ते आजच बघ.

मग ही कामं कर, क्रम तुझ्या सोयीने. नवा डबा लागला की ओएलटीने त्याला आपोआप घरात घ्यायचं, ही सोय बंद कर. सीरियल नंबर आणि पासवर्ड तू स्वतः नोंदवलास तरच तो चालू व्हावा. एका ग्राहकाचा संगणक दुसऱ्याला दिसू नये म्हणून पोर्ट आयसोलेशन लाव. कुणी राउटरची वायर उलट्या भोकात घातली आणि तो राउटरच शेजाऱ्यांना पत्ते वाटू लागला, तर अर्धी फांदी बंद पडते. डीएचसीपी स्नूपिंग चालू असेल तर हे होत नाही. डबे आणि ओएलटी सांभाळण्याचा रस्ता ग्राहकांच्या रस्त्यापासून वेगळ्या व्हीलॅनवर ठेव. ओएलटीचं टेलनेट बंद कर, तिला सार्वजनिक आयपी देऊ नको. स्प्लिटरच्या पेटीला कुलूप लाव आणि रिकामी पोर्टं टोपण घालून मोजून ठेव. फायबर वाकवून त्यातून गळणारा प्रकाश चोरता येतो, ती यंत्रं बाजारात आहेत. पण महाळुंग्यात तुझी चोरी होईल ती उघड्या पेटीतल्या मोकळ्या पोर्टमधून.

आणि डब्यांचे पासवर्ड. यावर मी कितीही लिहिलं तरी कमीच. नोव्हेंबर २०१६ च्या शेवटी जर्मनीत डॉइचे टेलिकॉमच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांची लाइन गेली, कारण दुरून राउटर सांभाळण्यासाठी ठेवलेलं ७५४७ क्रमांकाचं पोर्ट जगाला उघडं होतं आणि मिराई नावाच्या मालवेअरची एक आवृत्ती त्यावर आदळली. राउटर तिच्या ताब्यात गेले नाहीत, पण त्या धडकेने बंद पडले. जुलै २०१७ मध्ये आपल्याकडे बीएसएनएलच्या मोडेमवर हल्ला झाला. कारखान्यातून आलेला पासवर्ड ज्यांनी बदलला नव्हता ते मोडेम सापडले, आणि पासवर्ड बदला असं कंपनीला ग्राहकांना सांगावं लागलं. २०१८ मध्ये तर दासान या कोरियन कंपनीच्या जीपॉन राउटरमध्ये असं भोक निघालं की पत्त्याच्या शेवटी काही अक्षरं जोडली तर पासवर्ड न विचारताच आतलं पान उघडायचं. काही दिवसांतच चोरांची यंत्रं असे राउटर हुडकत फिरू लागली. यातून तू घ्यायचं ते एवढं: प्रत्येक डब्याचा अ‍ॅडमिन पासवर्ड वेगळा, त्याचं पान बाहेरून बंद, डब्ल्यूपीएस बंद, आणि वर्षातून निदान दोनदा नवं फर्मवेअर आलंय का ते बघायचं. जी कंपनी फर्मवेअर देत नाही तिचा डबा शंभर रुपयांनी स्वस्त असला तरी घ्यायचा नाही. वायफायचा पासवर्ड ग्राहकाचा मोबाइल नंबर ठेवायची तुमच्या धंद्यातली सवयही सोड. डीव्हीआरसाठी कुणी पोर्ट उघडून मागितलं तर आधी त्याचा पासवर्ड बदलून घे. मिराईने त्याच जातीचे कॅमेरे आणि डीव्हीआर हजारोंनी आपल्या फौजेत भरले होते. हल्ल्यात सामील झालेले डबे रात्रभर वरच्या दिशेने मारा करतात, आणि तुला दिसतं एवढंच की अमुक फांदी स्लो झाली.

म्हणून तुला सांगतो, वेगासाठी एक माणूस आणि सुरक्षेसाठी दुसरा असं तुला करता येणार नाही, आणि करायची गरजही नाही. एक वही ठेव. संगणकावर ठेव हवं तर, पण रोज भर. कोणता खांब, कोणती पेटी, स्प्लिटरचं कितवं पोर्ट, डब्याचा सीरियल नंबर, बसवला त्या दिवशी दोन्हीकडची पॉवर, कुणी बसवला. महिन्याला ओएलटीतून ताजी पॉवर उतरवून शेजारच्या रकान्यात लिही. एखाद्या घराची एक-दीड डीबी उगाच पडली असेल तर तिथे वायर वाकलीय, पाणी शिरलंय, किंवा कुणीतरी हात घातलाय. वहीत नसलेला डबा दिसला तर तो चोरीचा. तक्रार येण्याआधी तुला कळेल. आमच्या वेळी प्रत्येक जॉइंटची नोंद रजिस्टरात असायची, आणि ज्या माणसाचं रजिस्टर चोख त्याच्या भागात फॉल्ट कमी, हे आम्ही सगळेच बघत होतो.

माणसांच्या माहितीबद्दल मला तुझ्याशी स्पष्ट बोलायचंय. तुझ्याकडे शेकडो कामगारांची आधारकार्डं, फोटो, गावचे पत्ते येणार. ती पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरू देऊ नको. अर्ज आयएसपीच्या अ‍ॅपमध्ये भरला की मोबाइलमधला फोटो पुसायचा, हा नियम कर. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहेच, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. ती पोरं आईबापांना सोडून इथे आली आहेत, त्यांच्या कागदांवर कुणी सिमकार्ड काढलं किंवा कर्ज उचललं तर त्यांच्या बाजूने इथे कोण उभं राहणार? एखादा खोलीमालक येऊन म्हणेल, माझे भाडेकरू काय बघतात ते मला दाखव. ठाम नाही म्हण. तो गावातला मोठा माणूस असेल, तुझा खांब त्याच्या जागेत असेल, तरी नाही म्हण.

पोलिसांचं वेगळं. सार्वजनिक आयपी महाग म्हणून एकाच पत्त्यामागे शेकडो ग्राहक बसवतात. एखाद्याने गुन्हा केला तर नेमका माणूस सापडण्यासाठी वेळ आणि पोर्ट नंबरासकट नोंद लागते. सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात, सायबर घटना सहा तासांत कळवायची असते आणि यंत्रांची घड्याळं अधिकृत वेळेशी जुळलेली लागतात. परवान्यातली अट डिसेंबर २०२१ पासून दोन वर्षांच्या नोंदींची आहे. परवाना आयएसपीच्या नावावर आहे, म्हणून पोलिसांचं पत्र आलं की ते आयएसपीच्या नोडल अधिकाऱ्याकडे पाठव आणि पूर्ण सहकार्य कर. तोंडी किंवा फोनवर मागितलं तर नम्रपणे पत्र माग. आणि दहा खोल्यांना एक राउटर, एकच पासवर्ड ही पद्धत मोड. प्रत्येक खोलीला वेगळा आयडी दे. नाहीतर एकाच्या करणीसाठी दहा निरपराध पोरांना चौकीत बसावं लागेल.

पोरांच्या जिवाचं शेवटी लिहितोय, पण ते महत्त्वाचं आहे. टीव्हीसाठी १५५० नॅनोमीटरवर चालणाऱ्या ईडीएफए अँप्लिफायरमधून जो प्रकाश निघतो तो इंटरनेटच्या प्रकाशाहून कितीतरी जोरदार असतो, आणि डोळ्याला अजिबात दिसत नाही. दिसत नाही म्हणून टोक डोळ्यासमोर धरून बघायची सवय पोरांना लागते. त्यातून नजर जाऊ शकते. बघायचं ते मीटरनेच. क्लीव्हरने कापलेले काचेचे तुकडे झाकणाच्या बाटलीत जायला हवेत. जिथे जॉइंट मारतात तिथे खायचं नाही. खांबावर चढताना पट्टा. हे सामान तू विकत घेऊन द्यायचं, पगारातून कापायचं नाही.

मी येत्या गुरुवारी येतो. पॉवर मीटर, क्लीनिंग पेन आणि ओएलटीचा पासवर्ड हाताशी ठेव, आणि एक पोरगा शिडीसकट मोकळा ठेव. एचपी चौकाकडच्या फांदीला शेवटी मायनस सव्वीस येते असं तू लिहिलंयस, तिथूनच सुरू करू. कपलर किती आहेत ते आधी मोजून ठेवलेस तर किती स्प्लिटर आणायचे ते मला बुधवारी सांगता येईल. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा